काका, दुसरा अल्बम जमूनच नाही राहिला

काका, मी नागपूरचा. आमचा चौघांचा मराठी रॉक बँड आहे, मी बास वाजवतो. दोन वर्षांपूर्वी आमचा पहिला अल्बम आला, ८ गाण्यांचा. त्यातलं एक गाणं असं चाललं की पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून बोलावणी आली, बंगळुरूलाही वाजवून आलो. दिवाळीपासून दुसऱ्या अल्बमला बसलो आहोत. खामल्यात गायकाच्या घरी वरची खोली आहे, रोज संध्याकाळी भेटून राहिलो, पण गाणं काही होऊन नाही राहिलं. लॅपटॉपमध्ये २३ चाली अर्धवट पडल्या आहेत. गायक म्हणतो, त्या गाण्यासारखं अजून एक झालं की बाकीचं आपोआप होईल. गिटारवाला ते गाणं स्टेजवर वाजवायलाही तयार नाही. ड्रमर जानेवारीत नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून लॅपटॉपच्या ड्रमवर काम चालवतो. मुंबईची एक कंपनी उचल द्यायला तयार आहे, पण त्यांना येत्या दिवाळीच्या आत अल्बम पाहिजे आणि त्यात ‘तसं’ एक गाणं पाहिजे. सही करावी का? आणि खरं सांगा, आमच्यात एकाच अल्बमपुरतं होतं का?

ता. क. त्या गाण्याच्या सुरुवातीची बासची ओळ माझी आहे. सगळीकडे संगीत म्हणून फक्त गायकाचं नाव लागलं आहे. त्याचं मला काही नाही.

बेटा,

ता. क. तूर्त बाजूला ठेवू, त्याच्याकडे येतोच. ज्याला खरंच काही नसतं तो ‘त्याचं मला काही नाही’ असं लिहीत नाही, एवढं मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

तुझं पत्र पाच पानांचं होतं, छापण्यासाठी लहान केलं. कापलेल्या भागात तू एक गोष्ट सहज लिहून गेलास आणि मला सगळ्या पत्रात तीच अडकवून राहिली. ते गाजलेलं गाणं तुम्ही पहिल्यांदा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं तेव्हा संथ होतं, जवळजवळ अंगाई. मागच्या रांगेतल्या पोरांनी कंटाळून दुप्पट लयीत टाळ्या सुरू केल्या. ड्रमर आधी चिडला, मग हसला, मग त्या टाळ्यांच्या मागे धावला. त्या रात्रीपासून गाणं तसंच राहिलं. म्हणजे त्या गाण्याचा थोडासा संगीतकार तिसऱ्या वर्षाला एटीकेटी लागलेला कोणी पोरगाही आहे, आणि त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नाही.

आता हिशेब कर. तूच लिहिलंस की पहिली ८ गाणी व्हायला ६ वर्षं लागली. वर्षाला दीड गाणंही नाही. आणि आता ७ महिन्यांत २३ चाली, एकही पुरी नाही. आटलेल्या माणसाला २३ चाली सुचत नाहीत रे. चाली सुचतात, पण त्या त्या खोलीतून बाहेर पडत नाहीत. पहिल्या अल्बमची प्रत्येक चाल कुठल्या ना कुठल्या गॅदरिंगमध्ये, कोणाच्या तरी वाढदिवसाला, गच्चीवर, लोकांसमोर फसली होती आणि फसून सुधारली होती. या २३पैकी किती चाली चौघांबाहेरच्या कोणी ऐकल्या? माझा अंदाज, एकही नाही. कारण आता तुमचं नाव झालं आहे आणि नाव झालेल्यांना लोकांसमोर फसायची लाज वाटते.

ही माझी अक्कल नाही, चटका आहे. माझी गोष्ट ऐक. १९९०च्या आसपास मी इथल्या एका ऑर्केस्ट्रात हार्मोनियम आणि कॅसिओ वाजवायचो, आणि आमच्या भागातल्या भजनी मंडळात गजानन महाराजांच्या पदांना चाली लावायचो. त्या चाली मंडळातल्या बायका दर गुरुवारी म्हणायच्या. ज्या म्हणता यायच्या नाहीत त्या त्या सरळ बदलून टाकायच्या, मला न विचारता. मला राग यायचा. मग एका कंपनीने त्यांतल्या आठांची कॅसेट काढली आणि ती शेगावच्या वाटेवरच्या टपऱ्यांवर धडाधड खपली. मालकाने मला बोलावून पेढा दिला आणि म्हणाला, प्रकटदिनाच्या आत दुसरी द्या. हातात चाळीस दिवस होते. मी दार लावून बसलो. पहिल्या कॅसेटमधला अंतरा उचलून दुसरीचा मुखडा केला, मुखड्याचा अंतरा केला, पट्टी बदलली. मंडळातल्या बायकांना ऐकवायला वेळच नव्हता, आणि खरं सांगू, आता मी कॅसेटवाला झालो होतो, मला त्यांना विचारायचंही नव्हतं. कॅसेट आली. चार महिन्यांत गठ्ठे परत आले आणि मालकाने ते माझ्या दारात आणून टाकले, वर हिशेबात वाहतूकखर्च लावला. ते खोके बरीच वर्षं माळ्यावर होते. शेवटी काटोलकडे राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने त्यांतली टेप उलगडून ज्वारीच्या शेतावर बांधली, पाखरं येऊ नयेत म्हणून. वारा आला की ती टेप गुणगुणायची. पाखरं खरंच यायची नाहीत. माझ्या दुसऱ्या कॅसेटला मिळालेली ती एकमेव दाद.

तर तुमच्या वरच्या खोलीकडे येऊ. दिवस मेअखेरचे, नवतपा. कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये घोंघाट, बंद केला तर दोन टेकमध्ये बनियन पिळायची पाळी. कूलरच्या ओलाव्याने लाकूड फुगतं, बंद केला की सुकतं, तारांचा सूर तासातासाला हलतो आणि गिटारवाला वैतागतो. तू म्हणतोस तो ‘आजकाल सारखा चिडलेला असतो’. अरे, ४५ अंशांत बंद कूलरखाली मी तर भजनी मंडळावरही चिडलो असतो. पण उन्हाचा भाग सोडून देऊ, पावसाळा येईलच. त्या खोलीतली खरी अडचण ड्रमर नसण्याची आहे आणि ती तुझ्याइतकी कोणाला जाणवत नसेल. बासवाला ड्रमच्या पायावर पाय ठेवून चालतो. लॅपटॉपचा ड्रम कधी चुकत नाही, म्हणून तुला त्याला सांभाळून घ्यावं लागत नाही, आणि तो तर तुला सांभाळून घेतच नाही. मी तुमचा पहिला अल्बम ऐकला. जवळपास प्रत्येक गाण्यात कोरस आला की तुम्ही चौघं किंचित पळता. क्लिक, म्हणजे लयीची ठरावीक टिकटिक, लावून मोजलं तर ती चूक ठरेल. माझ्या मते तुमच्या गाण्यांचा जीव त्या पळण्यात आहे, आणि तोच तुम्ही जानेवारीपासून लॅपटॉपला नेमून दिला आहे.

ड्रमर कायमचा गेलेला नाही, पुण्याला गेला आहे. रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसला की सकाळी रविनगर चौकात उतरेल. महिन्यातून एकदा तीन दिवस त्याला बोलवा आणि गाण्यांना हात फक्त त्या तीन दिवसांत लावा. बाकीचे सत्तावीस दिवस शब्दांवर घालवा, किंवा काही करू नका. रोज भेटणं बंद करा. रोज भेटून न होणारं काम करत बसण्याइतकी मैत्री बिघडवणारी दुसरी गोष्ट मी पाहिली नाही.

गायक आणि गिटारवाला यांच्यातलं भांडण तुला मोठं वाटतं, मला नाही. इंग्लंडच्या रेडिओहेडचा पहिला अल्बम १९९३चा, त्यातलं ‘क्रीप’ जगभर गाजलं. इतकं की बँडलाच ते नकोसं झालं. १९९४च्या सुरुवातीला जॉन लेकी या निर्मात्याबरोबर लंडनच्या स्टुडिओत ते दुसऱ्या अल्बमला बसले. कंपनीला पुन्हा एक तसंच गाणं हवं होतं, तारीख हवी होती. तुमच्यासारखंच सगळं. काम अडकलं. मग ते सोडून दौऱ्यावर गेले, नवी गाणी लोकांसमोर वाजवत फिरले, आणि परत आल्यावर जे महिनोन्‌महिने होत नव्हतं ते भराभर झालं. त्यातलं ‘माय आयर्न लंग’ तर मे १९९४मध्ये लंडनच्या ॲस्टोरियात झालेल्या कार्यक्रमातलंच ध्वनिमुद्रण आहे, गायन तेवढं मागून पुन्हा घेतलं. आणि ते गाणं आहे कशावर? ज्या ‘क्रीप’ने त्यांना जगवलं आणि गुदमरवलं, त्याच्यावरच. ‘द बेंड्स’ हा त्यांचा दुसरा अल्बम मार्च १९९५मध्ये आला, आणि आज जाणकार पहिल्यापेक्षा त्याचंच नाव आधी घेतात.

गिटारवाल्याला हे ऐकव. त्याला त्या गाण्याचा वीट आला असेल तर विटावर गाणं करा, पण स्टेजवर ते जुनं गाणं वाजवावंच लागेल. अमरावतीहून मोटारसायकलवर आलेल्या पोराला ‘आज ते नाही वाजवणार’ असं सांगायचा हक्क अजून तुम्हाला मिळालेला नाही. गायकालाही सांग: ‘तसं’ गाणं मागवून येत नसतं. ते पहिलं कोणी मागवलं होतं का?

आपल्याकडचंही उदाहरण देतो, नाहीतर म्हणशील काका विलायतेतच रमले. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचा पहिला अल्बम १९९३चा, स्टुडिओतला. दुसरा, ‘डेझर्ट रेन’, १९९७चा, आणि तो म्हणजे दिल्लीतल्या एका कार्यक्रमाचं थेट ध्वनिमुद्रण. ‘कंदिसा’ हा अल्बम त्याच्याही नंतर, २०००मध्ये. मध्ये ते वाजवत होते, एवढंच.

म्हणून तुम्हीही वाजवा. २३मधल्या ज्या पाच-सहा चालींना निदान मुखडा आणि ठेका आहे त्या घ्या आणि जिथे तुम्हाला कोणी ‘ते बँडवाले’ म्हणून ओळखत नाही तिथे वाजवा. धरमपेठेतल्या एखाद्या छोट्या कॅफेत, मानेवाड्याकडे कोणाच्या गच्चीवर, सोसायटीच्या गणपतीत अंताक्षरी आणि बक्षीसवाटपाच्या मध्ये. गणपतीतला प्रेक्षक मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. तो अजिबात भीडभाड ठेवत नाही. गाणं पडलं तर मधल्या ओळीतल्या काकू उठून प्रसाद आणायला जातात, आणि त्या कुठल्या ओळीला उठल्या ते तू बासवाला असल्यामुळे बरोबर बघू शकतोस. तुझ्याकडे कोणी बघत नसतं ना. ‘हे आमचं नवीन गाणं’ अशी घोषणा करू नका, आणि शब्द पुरे नसतील तर गायकाला ‘लालाला’ म्हणू दे.

आता सही. उचल म्हणजे बक्षीस नव्हे, शेतमजूर घेतो तीच उचल. तुमच्या पुढच्या कमाईतून ती कापली जाणार. ध्वनिमुद्रणाचा, व्हिडिओचा खर्चही त्याच खात्यात टाकणार का, ते आधी विचार. पुढच्या किती अल्बमांवर तुम्हाला बांधताहेत ते बघ. ‘तसं एक गाणं’ हे करारात कुठल्याही रूपात असेल तर ते खोडायला लाव, कारण तसं आहे की नाही हे ते ठरवणार आणि तोवर तुमचा अल्बम अडवून ठेवणार.

कायद्यातल्या दोन गोष्टी माहीत असू दे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याला जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द न विसरता घालतात. ते शब्द शोध आणि त्यांवर घासाघीस कर. दुसरी गोष्ट २०१२च्या दुरुस्तीची: गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडून कोणाच्या नावे करता येत नाही, आणि तसा करार केला तरी तो रद्दबातल. गीतकार-संगीतकारांसाठी अशी सोसायटी आहे, आयपीआरएस, १९६९पासूनची. तिचे सभासद व्हा. बाकी कागद वकिलाला दाखव. या शहरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे, वकिलांना तोटा नाही, पण मामाचे मित्र म्हणून जमिनीच्या दाव्यांचा वकील धरू नकोस. कॉपीराइटचं काम केलेलाच शोध.

तारखेचं म्हणशील तर मी दिवाळी मान्य करणार नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन या बँडचा टॉम शोल्झ हा इंजिनिअर, पोलरॉइड कंपनीत नोकरीला, आणि घराच्या तळघरात वर्षानुवर्षं गाणी घासत बसायचा. १९७६मध्ये पहिला अल्बम आला, एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर प्रती गेल्या. दुसरा कंपनीच्या घाईने १९७८मध्ये आला आणि तो अर्धवट सोडावा लागला असं तो पुढे म्हणत राहिला. तिसऱ्याला त्याने घाई करू दिली नाही, तर कंपनी कोर्टात गेली. तो आला १९८६मध्ये. म्हणजे तारीख नाकारायची असेल तर सहीच्या आधी. नंतर नाकारली की तिची किंमत वकील ठरवतात. आणि नुसतं थांबल्यानेही काही पिकत नाही. इंग्लंडच्या स्टोन रोझेस या बँडचा पहिला अल्बम १९८९चा, दुसरा १९९४च्या डिसेंबरचा, मधल्या काळात जुन्या कंपनीशी कोर्टबाजी, आणि १९९६मध्ये बँडच मोडला. कंपनीला सांगा, पुढच्या उन्हाळ्याआधी देऊ, आधी तीन गाणी ऐकवतो. नाही म्हणाली तर उचल न घेता करा. पहिला अल्बमही तसाच केला होता ना?

एकाच अल्बमपुरतं होतं का, असं विचारतोस. रेशीमबागेतल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे त्या सुरेश भटांचा पहिला संग्रह, ‘रूपगंधा’, १९६१चा. दुसरा, ‘रंग माझा वेगळा’, १९७४चा. मध्ये १३ वर्षं. लोकांच्या तोंडी भटांचं जे आहे त्यातलं पुष्कळसं त्या १३ वर्षांनंतर पुस्तकात आलं. (हे उदाहरण कंपनीला देऊ नकोस.)

आता ता. क. तुम्ही रोज खोलीत भेटता म्हणालास, पण एक कर. त्या २३ फायलींची नावं बघ. मी पैज लावतो, प्रत्येकीच्या पुढे कोणाचं तरी नाव असेल. पहिल्या अल्बमच्या वेळी असं नव्हतं. तेव्हा कोणाला वाटलंच नव्हतं की या गाण्यांचे पैसे आणि मुलाखती होतील. मग ते गाणं गाजलं, नाव एकाचंच लागलं, आणि तुम्ही तिघं काही बोलला नाहीत. पण शिकलात. आता प्रत्येकजण घरून चाल एकट्याने रचून आणतो, म्हणजे ती ‘त्याची’ राहील, आणि दुसऱ्याने हात लावला की आखडतो. तू स्वतः तसं करतोस का ते मला सांगू नकोस, स्वतःला विचार. गाणी तिथेच अडली आहेत.

गायक चोर नाही. बहुधा अपलोड करताना फॉर्मवर एक रकाना होता आणि त्याने स्वतःचं नाव टाकलं. पण आयपीआरएसकडे, कंपनीकडे, सगळीकडे तो रकानाच बोलतो. मुंबईच्या करारात पहिला अल्बमही ओढला गेला तर तो रकाना कायमचा होऊन बसेल, म्हणून हे सहीच्या आधी मिटव. त्या खोलीत नको. चौघं सकाळी तर्री-पोहे खायला भेटा, ड्रमर आला असेल त्या रविवारी. ‘तू माझं नाव खाल्लं’ म्हणून सुरुवात केलीस तर पोहे थंड होतील आणि बँडही. नुसतं म्हण, ‘अबे, त्या गाण्याच्या सुरुवातीची ओळ माझी आहे, नाव दुरुस्त करून घेऊ.’ ज्या वितरकामार्फत गाणी चढवली त्याच्याकडून नावं बदलून मिळतात. मग आठही गाण्यांची, कोणाचं काय ते, एका कागदावर लिहा, चौघांच्या सह्या घ्या. आणि दुसऱ्या अल्बमसाठी संगीत चौघांचं, समान वाट्याने, असं आधीच लिहून टाका. यात कोणावर थोडा अन्याय होईल, कदाचित गायकावरच. होऊ दे. त्या बदल्यात निदान फायलींवरची नावं पुसली जातील.

गायक नाहीच म्हणाला तर? मग मला पुन्हा लिही, तेव्हा सल्ला वेगळा असेल.

आणि अकरा नंबरची चाल. कापलेल्या भागात तू लिहिलंस की एप्रिलमध्ये एका रात्री लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, बाकीचे खाली गेले आणि तू अंधारात एकटाच वाजवत बसलास, फोनवर घेतलं, ते अजून कोणाला ऐकवलं नाहीस. ते आधी ड्रमरला पाठव, क्लिक न लावता, डास मारल्याच्या आवाजासकट. गणपतीत वाजवणार असाल तर कुठल्या सोसायटीत, कुठल्या दिवशी, ते कळव. मी मागच्या रांगेत बसेन. टाळी भलत्याच ठेक्यात पडली तर ओळखून घे.

तुझा,
काका